कोल्हापूरच्या तालमी भरलेल्या आहेत, मग कोल्हापूरचा मल्ल का दिसत नाही?

महाराष्ट्र केसरीची गदा कुणाच्याही खांद्यावर चढो, कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर एकच प्रश्न निघतो: "आपला कोण होता?" उत्तर देताना जरा अडखळायला होतं. तालमीचं नाव कोल्हापूरचं निघतं, पण गाव विचारलं की सोलापूर, बीड, लातूर, जळगाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला. त्याची कुस्ती गंगावेश तालमीत घडली, घर मात्र सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचं.

१९७० आणि ७१ ला दादू चौगुले, ७२ आणि ७३ ला लक्ष्मण वडार, ७४ ला युवराज पाटील. सलग पाच वर्षं ही गदा कोल्हापूरनं हलू दिली नव्हती. त्यानंतरही ती येत-जात राहिली. मग २००० साली दादूमामांचे चिरंजीव विनोद चौगुले यांनी ती आणली आणि पुढची गदा आली थेट २०२२ मध्ये, पृथ्वीराज पाटीलच्या खांद्यावरून. ज्या गावाला देश कुस्तीपंढरी म्हणतो, तिथं दोन गदांच्या मध्ये दोन दशकं गेली. असं का झालं, ते पायरीपायरीनं बघू.

"पहिल्यापासून बाहेरचेच होते की!"

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि त्यात तथ्य आहे. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे सीमेपलीकडच्या एकसंब्याचे. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर हे शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. दोघांनाही कोल्हापूरनं आपलं मानलं, कारण त्यांना घडवलं कोल्हापूरच्या मातीनं. राजर्षी शाहू महाराजांनी तर पंजाबातले नामांकित मल्ल आणून इथं ठेवले होते. बाहेरचा मल्ल येणं हा या गावाचा मोठेपणाच आहे.

तेव्हा बाहेरच्यांच्या जोडीला घरचेही होते, फरक एवढाच. पेठेतलं पोर पहाटे तालमीत जायचं, गावाकडून आलेल्या मल्लाशी जोड, म्हणजे सरावाची कुस्ती, करायचं, आणि त्या घासाघाशीत दोघंही घडायचे. आज निवासी मल्ल आहेत, पेठेतलं पोर नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं आजच्या कोल्हापूरकरानं उच्चारली तर डोळ्यांसमोर काय येतं? शाहू स्टेडियम, झेंडे, फुटबॉलचा सामना. नावात तालीम राहिली, पोरं चेंडूमागं गेली. फुटबॉलबद्दल तक्रार नाही, तोही याच मातीतला जीवलग खेळ आहे. पण घरचा मल्ल कुठं गेला याचं निम्मं उत्तर त्या गॅलरीत बसलेलं असतं.

एकाच नावाचे दोन खेळ

उरलेलं निम्मं उत्तर खेळाच्या पोटात आहे. आपण ज्याला कुस्ती म्हणतो ते आता दोन वेगळे खेळ आहेत: मातीवरची आणि गादीवरची. गादी म्हणजे मॅट, १२ मीटर लांब-रुंद, त्यावर ९ मीटर व्यासाचं वर्तुळ. ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रीय, सगळं गादीवर.

जत्रेच्या मैदानातली निकाली कुस्ती आठवा. हलगी कडाडते, सलामी होते, हाताला हात लागतो. वेळ भरपूर. पाठ लागेपर्यंत निकाल नाही. खाली गेलेला मल्ल पोटावर पडून मातीला चिकटतो, कोपरं आवळून घेतो आणि दम खातो. वरचा त्याला उलथवायला घिस्सा, मोळी असे डाव टाकून बघतो, जमलं नाही तर पंच दोघांना उभं करतात. खाली पडून राहिल्याबद्दल त्याला काहीच मोजावं लागत नाही.

हाच मल्ल गादीवर आणा. कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंद विश्रांती. समोरच्यानं एकेरी पट काढून, म्हणजे एक पाय धरून ओढून, त्याला खाली घेतलं आणि मागं ताबा घेतला की २ गुण गेले. आपला मल्ल सवयीप्रमाणे पोटावर पडून राहतो. समोरचा त्याचे दोन्ही घोटे एकमेकांत अडकवून कवळतो आणि आडवा गरागरा फिरवतो. पाठ गादीकडे वळली की दर फेऱ्याला २ गुण. चार फेरे झाले की एकूण १० गुणांची आघाडी, आणि कुस्ती तिथंच संपते. पाठ टेकलेली नाही, दम संपलेला नाही, आणि अर्ध्या मिनिटात पराभव. कोल्हापूरचं ताकदवान पोर राष्ट्रीय स्पर्धेत असं हरून येतं तेव्हा घरच्यांना कळतच नाही की घोडं नेमकं कुठं पेंड खातं.

बाकीचे नियमही असेच सवयीच्या मुळावर येतात. वर्तुळाच्या कडेला एक मीटरचा केशरी पट्टा असतो. त्याच्या बाहेर पाय गेला की समोरच्याला १ गुण. मातीत कडेला सरकणं ही विश्रांतीची जागा, इथं ती तोट्याची. नुसतं हात धरून उभं राहिलात तर पंच ताकीद देतात, मग ३० सेकंदांचं घड्याळ लावतात. तेवढ्यात कुणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला १ गुण.

पायांचं तर वेगळंच प्रकरण आहे. तालमीच्या हौद्यात, म्हणजे लाल माती भरलेल्या आखाड्यात, पाऊल रुतते. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेली ती भुसभुशीत माती अंग मऊ झेलते. तिथं उभं, ताठ, पंजात ताकद धरून लढायची सवय लागते. गादीवर पायात बूट असतात, पाऊल रुतत नाही. समोरचा गुडघे वाकवून, डोकं छातीच्या उंचीवर ठेवून खालून येतो, आणि ताठ उभ्या माणसाचा पाय त्याला ताटात वाढल्यासारखा मिळतो.

हे दुखणं आजचं नाही. राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी आणि तिचे नियम दोन्ही त्यांना नवखे होते. तरी सहावे आले. चार वर्षं नियम समजून घेऊन तयारी केली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. धडा तेव्हाच मिळाला होता. आपण पुतळे उभारले, धडा तेवढा गिरवला नाही.

५७ किलोचं पोर कुठं हरवतं

ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

भारताच्या पुरुष मल्लांनी आजवर ऑलिंपिकमध्ये मिळवलेली पदकं वजनासकट बघा. खाशाबा जाधव ५७ किलो. सुशीलकुमार दोन्ही वेळा ६६. योगेश्वर दत्त ६०. रवी दहिया ५७. बजरंग पुनिया ६५. अमन सेहरावत ५७. एकही पदक ६६ किलोच्या वर नाही.

आता महाराष्ट्र केसरीची गदा कुठल्या गटाला मिळते? ८६ ते १२५ किलो. मान, गाडी, फ्लेक्स, पोलिसातली मोठी नोकरी, सगळं त्या गटाभोवती फिरतं. जत्रेच्या मैदानातही तसंच. एक नंबरची कुस्ती म्हणजे सगळ्यात भारी देहांची कुस्ती, इनाम तिथं मोठं. ६० किलोच्या पोराची कुस्ती दुपारी उन्हात लागते, लोक अजून यायचे असतात, आणि त्याच्या हातात जातायेताचं भाडं सुटेल एवढंच पडतं.

मग घरचे काय करतात? पोराच्या अंगात चपळाई असते, उंची बेताची असते, हाड बारीक असतं. तरी त्याला "अंगानं भर" म्हणतात. दूध, तूप, बदाम, हजारावर बैठका. पंधराव्या वर्षी ५५ किलोचं पोर अठराव्या वर्षी ८० किलोचं होतं. ८६ च्या गटात ते ठेंगणं पडतं आणि ५७ चा गट हातचा गेलेला असतो. कुठल्याच वजनात न बसणारा मल्ल तयार होतो. सांधे बोलायला लागतात, विशीत गुडघा जातो आणि लंगोट खुंटीला लागतो. कुणी झटपट अंग भरायला इंजेक्शनकडे वळतं, आणि उत्तेजक चाचणीत सापडलं की चार वर्षांची बंदी बसू शकते.

याच्या उलटी चूक म्हणजे स्पर्धेआधी दोन दिवसांत पाच किलो उतरवणं. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वजन कुस्तीच्या दिवशी सकाळी होतं, आणि दुसऱ्या दिवशी कुस्ती असेल तर पुन्हा होतं. पाणी तोडून उतरवलेलं वजन भरून काढायला वेळच मिळत नाही. पॅरिसमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी अंतिम फेरीतून बाहेर गेली, ते साऱ्या देशानं बघितलंय.

खुराकाचा हिशेब

पूर्वी खुराक विकत घ्यावा लागत नव्हता. संस्थान होतं तेव्हा दरबार मल्ल पोसायचा. १९४९ ला संस्थान विलीन झालं. पुढं काही साखर कारखान्यांनी मानधन, म्हणजे मल्लाला ठरावीक मासिक रक्कम, सुरू केलं. पण खरा आधार होता घरच्या गोठ्याचा. चार भावांचं घर, आठ म्हशी, त्यातली एक पैलवानाची. कुणी हिशेब मांडत नव्हतं. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पाजणारे कट्टे या शहरात सहज चालले, यावरून इथं दूध किती हाताशी होतं ते कळावं.

आता रान वाटून अर्धा एकरावर आलंय, गोठ्यात दोन म्हशी, आणि पहाटे पाचला दूध डेअरीच्या काट्यावर. दहा दिवसांनी बिल येतं, त्यावर शाळेची फी आणि सोसायटीचा हप्ता भागतो. पोराच्या पेल्यातलं दोन लिटर आता थेट बिलातून कमी होतं.

भारी गटाच्या मल्लाचा दिवस आजच्या बाजारभावानं साधारण असा पडतो: तीन लिटर म्हशीचं दूध २१० रुपये, दीडशे ग्रॅम बदाम १३५, तूप ५५, सहा अंडी ४२, मटण-चिकन सरासरी १००, फळं ५०. सहाशेच्या आसपास, महिन्याला १८ हजार. शिवाय बूट, औषधं, प्रवास. हे बारा ते वीस अशी आठ वर्षं. नोकरदार पेठकर किंवा अर्ध्या एकराचा शेतकरी हे गणित बघतो आणि पोराला अभ्यासाच्या क्लासला घालतो. त्याला दोष कसा द्यायचा?

पण हलक्या वजनाच्या पोराला हा खुराक लागतच नाही. दोन लिटर म्हशीच्या दुधात साधारण १३० ग्रॅम फॅट असतं. ५७ किलोच्या पोराला दिवसाला ९० ते ११५ ग्रॅम प्रथिनं हवीत, चरबी नको. लिटरभर गाईचं दूध, सहा अंडी, दीड-दोनशे ग्रॅम चिकन, डाळ, मूठभर शेंगदाणे, भाकरी, दोन फळं. दोनशे-सव्वादोनशे रुपयांत दिवस निघतो, म्हणजे भारी मल्लाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात. जी कुस्ती ऑलिंपिकला नेते तीच स्वस्त आहे, आणि नेमकी तीच आपण करत नाही.

हे एकट्या कोल्हापूरचं आहे का?

नाही. न्यूयॉर्क हे बास्केटबॉलचं कोल्हापूर. करीम अब्दुल-जब्बार तिथल्या गल्लीतून आला. हार्लेममधल्या १५५ व्या रस्त्यावरचं रकर पार्क म्हणजे त्यांचं खासबाग, आपल्या कुस्तीच्या मैदानासारखं, उन्हाळ्यात लोक कुंपणावर चढून खेळ बघायचे. डांबरी मैदान, लोखंडी कडं, वर वारा. अशा जागी लांबून टाकलेला चेंडू भरवशाचा नसतो. म्हणून तिथली पोरं चेंडू हातात खेळवत, माणसं चकवत, रिंगणात घुसण्यात तरबेज झाली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक लीगनं लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण द्यायला सुरुवात केली, आणि हळूहळू सगळा खेळ लांबच्या नेमबाजीकडे सरकला. ती नेमबाजी बंदिस्त हॉलमध्ये, रोज शेकडो वेळा घोटावी लागते. शहरात हॉल महाग. चांगलं पोर चौदा-पंधराव्या वर्षीच दुसऱ्या राज्यातल्या निवासी शाळेत जाऊ लागलं, आणि मागं राहिलेल्यांना तोडीची जोड मिळेना. न्यूयॉर्कमधून व्यावसायिक संघांत जाणारी पोरं पूर्वीच्या मानानं रोडावली.

जुन्या जमिनीवर जे सगळ्यात सरस, त्यांनाच नवी जमीन सगळ्यात जड गेली. तिथं डांबर, इथं माती.

"आजची पोरंच कष्टाला भितात"

हे म्हणणं टिकत नाही. दादू चौगुले ज्या राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे, त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. तेजस्विनी सावंत २०१० ची विश्वविजेती, राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेची सुवर्णविजेती, दोघी कोल्हापूरच्या. तासन् तास एका जागी रायफल पेलणं हे काही ऐषारामाचं काम नाही. स्वप्नीलला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीनं उचललं, रेल्वेनं नोकरी दिली, म्हणजे पुढची पायरी दिसत होती. हरियाणात ऑलिंपिक सुवर्णाला सरकार ६ कोटी देतं, तेव्हा तिथल्या बापाला पायरी दिसते. आपल्याकडे खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. जत्रेच्या मैदानातल्या शंभर कुस्त्या तिथं धरत नाहीत.

मग माती सोडायची का?

मुळीच नाही. मातीत पडायची भीती जाते, पंजा आणि मान तयार होते, हौदा फावड्यानं उकरण्यातच निम्मा व्यायाम होतो. सवाल क्रमाचा आणि वाटणीचा आहे.

दहा ते तेरा वयात आठवड्यातले तीन दिवस गादी, दोन दिवस माती. या वयात फक्त कोलांट्या, मानेचा पूल (डोकं आणि पाय टेकवून अंग कमानीसारखं उचलणं), वाकून उभं राहण्याची ठेवण आणि एकेरी-दुहेरी पट. डावांची भरताड नको, खुराकाची जबरदस्ती नको. चौदा ते सतरा: चार दिवस गादी, दोन दिवस माती. गादीवरची जोड शिट्टी आणि घड्याळ लावूनच, तीन-तीन मिनिटं, मध्ये तीस सेकंद, भिंतीवर गुण मांडून. रोजच्या सरावात शेवटची दहा मिनिटं फक्त खाली पडल्यावरची: घोटे कसे सोडवायचे, कंबर कशी वर घ्यायची, कडेला सरकून केशरी पट्ट्याचा फायदा कसा घ्यायचा. जोडीदाराच्या वजनात तीन किलोंहून जास्त फरक नको.

अडचण जागेची येते. पूर्ण गादीला खांब नसलेला, १२ मीटरहून मोठा हॉल लागतो. जुन्या तालमींच्या खोल्या तेवढ्या नाहीत, म्हणून अर्धी गादी टाकतात. अर्ध्या गादीवर कडेचा सराव होत नाही, भिंतीची भीती राहते. दोन-तीन पेठांनी मिळून एक हॉल घ्यावा, आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. गणपतीची मिरवणूक पेठा मिळून आखतात, त्यापुढं हे सोपं आहे. पूर्ण गादीला काही लाख लागतात. तेवढी रक्कम एका मोठ्या मैदानात एका संध्याकाळी इनामापोटी वाटली जाते.

गादी रोज जंतुनाशकानं पुसावी लागते, हे तालमींना अजून अंगवळणी पडलेलं नाही. एकाच्या मानेवर गजकर्ण उठलं की आठ दिवसांत सगळ्या पोरांना होतं, पंधरा दिवस सराव बंद, आणि स्पर्धेत वजनाआधी डॉक्टर कातडी तपासतात तेव्हा पोर बाहेर निघतं. बूट बाहेर रस्त्यावर घालायचे नाहीत. तेवढं सांभाळलं तरी निम्मा त्रास वाचतो.

मुलींचं मात्र वेगळं बघावं लागेल. महिला कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आपल्या जुन्या तालमी मुलग्यांच्या निवासासाठी बांधलेल्या, तिथं मुलीनं कपडे कुठं बदलायचे इथपासून प्रश्न. गादीचा सामाईक हॉल झाला तर त्यात मुलींची वेळ आणि वेगळी खोली पहिल्या दिवसापासून ठेवता येईल.

पोराला तालमीत घालायचंय, काय विचारायचं?

वस्तादांना आदरानं, पण स्पष्ट विचारा. गादी आठवड्यातून किती दिवस? गादीचा प्रशिक्षित कोच आहे का, की मातीचाच सराव गादीवर होतो? गेल्या वर्षी इथली किती पोरं शालेय आणि कुमार गटाच्या राज्य स्पर्धेला उतरली, कुठल्या वजनात? शाळेची वेळ सांभाळली जाते का? पहाटेची मेहनत साडेचारला आणि शाळा साडेदहाला असेल तर दुपारची झोप जाते, आणि वाढत्या वयात झोपेला खुराकाइतकीच किंमत आहे.

शेवटी तालमीत वजनकाटा कुठं ठेवलाय ते बघा. दर सोमवारी सकाळी, उपाशीपोटी, लंगोटावर प्रत्येक पोराचं वजन होऊन ते भिंतीवरच्या तक्त्यावर चढत असेल, आणि तक्त्यावर वजनाशेजारी त्या पोराचा गट लिहिलेला असेल, तर पोर तिथं ठेवायला हरकत नाही. ५७ च्या गटातल्या पोराचं वजन सरावाच्या दिवसांत ६० च्या वर जाऊ द्यायचं नाही. ते ६३ वर गेलं आणि वस्तादांनी पाठ थोपटून "आता अंग धरलंस" म्हटलं, तर त्याच दिवशी बसून बोला.